निघणाऱ्यांसाठी चार ओळी

३ नोव्हेंबर

ठकीने आज मला कामाला लावलं. वर्गणी बंद करणाऱ्यांना जो मेसेज जातो, तो म्हणे मी नवा लिहायचा. आणि तोही मनात आलं की पाठवला असा नाही. आधी वहीत उतरवायचा, दोन दिवस ठेवायचा, मग तिला दाखवायचा. म्हणून ही वही काढली. पानं बरीच आहेत, तेव्हा बाकीचंही लिहीन म्हणते.

ठकी म्हणजे माझ्या ताईची मुलगी. कॉलेजसाठी माझ्याकडे आली ती राहिलीच. माझ्या विणकामाच्या शाळेचं सगळं तीच बघते. शाळा कसली, पुढच्या खोलीत खिडकीजवळ माझी खुर्ची, समोर स्टुलावर डब्यांची उतरंड आणि तिला टेकवलेला फोन. मी सुया चालवत बोलत राहायचं आणि कुठकुठच्या बायकांनी घरबसल्या शिकायचं. बायका आणि शेजारचे घड्याळवाले. दिवसभर घड्याळं दुरुस्त करून बोटं आखडतात म्हणून ते विणतात. महिन्याची वर्गणी आपोआप कापली जाते. नको झालं की फोनवर एक बटण दाबायचं, लगेच आमचा मेसेज जातो.

तो मेसेज मी शाळा काढली तेव्हा लिहिला होता. "अगं, निघालीस? इतक्यात? कामं असतात गं प्रत्येकीला, मला कळतं. पण तुझ्या सुया वाट बघतील आणि मावशीही वाट बघेल. हे घर तुझंच आहे. तुझी, मावशी."

मला अजूनही आवडतो. ठकी म्हणते, यात वर्गणी बंद झाली असं कुठे आहे ते दाखव. मी चष्मा लावून शोधलं. शब्द नव्हता, पण अर्थ होता की नाही? ती म्हणाली की संध्याकाळ झाली की हेच फोन येतात. बंद झाली का हो, की पुन्हा दाबू? काहीजणी खरंच पुन्हा दाबतात आणि दुसऱ्यांदा दाबलं की वर्गणी परत सुरू होते. काहीजणी तर मेसेज वाचून आपणहून परत येतात. मी म्हटलं, मग चांगलंच आहे की, माझ्या शब्दांत ताकद आहे म्हणायची.

ती हसली नाही. तिला एक काम मिळालंय, इथून लांबच्या शहरात, लोकरीच्या कपड्यांच्या कंपनीत, नवे नमुने आखायचं. नोव्हेंबर संपायच्या आत हो की नाही कळवायचं आणि जानेवारीत जायचं. मी गेले तर हे फोन कोण घेणार, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तुझं तू ठरव बाई. माझं काय, मी आहे आपली. याहून मोकळीक कुणी द्यायची ती काय द्यायची.

५ नोव्हेंबर

सुताराकडे जाऊन ठकीच्या खोलीसाठी मोठं टेबल सांगून आले. नमुने आखायला तिला जागा पुरत नाही, पलंगावर कागद पसरून बसते आणि पाठ धरते. जायचं असेल तर ती जाईल. टेबल काय कुणाला धरून ठेवतं.

ठकीने आज घड्याळवाल्यांना मुद्दाम वर्गणी बंद करायला लावली, मेसेज वाचून काय वाटतं ते बघायला. ते दुपारी फोन हातात घेऊनच आले. पासष्टीचा माणूस, ओठांवर मिश्या, आणि मेसेज आला "अगं, निघालीस?" त्यांनी फार गंभीरपणे विचारलं की वहिनी, हा मलाच आहे ना. ठकी हसत हसत स्वयंपाकघरात पळाली. मलाही हसू आवरेना, पण मुद्दा तिचा बरोबर निघाला याचा राग आला. शिवाय त्यांनाही कळलं नव्हतंच, वर्गणी बंद झाली की नाही.

८ नोव्हेंबर

नवा मेसेज लिहिला. ठकीला साधं, स्पष्ट हवं ना? घे. "तुमची वर्गणी रद्द."

तिने वाचला, मान वाकडी केली. म्हणाली, मावशी, तू रागात लिहिलायस. मी म्हटलं, तीन शब्दांत राग मावतो कुठे. तिने आणखी काही सुचवायच्या आत मीच तो आजपासून लावायला सांगितला. बघू आता कोण फोन करतं ते.

११ नोव्हेंबर

सगळ्यांनी केला.

एकीला वाटलं तिला शाळेतून काढून टाकलं. एक बाई रडत होती की मी वर्गणी कधी चुकवली नाही हो, मग रद्द का. घड्याळवाल्यांनी पुन्हा चाचणी म्हणून दाबलं होतं, तेही येऊन दाराशी चुळबुळत उभे. त्यांच्या मफलरची एक कड वाकडी झाली होती आणि गेल्या धड्यात मी ती सगळ्यांना दाखवून बोलले होते. त्यांना वाटलं, प्रकरण वाढलं.

ठकीने सगळे फोन घेतले. एकेकीला समजावलं, कुणावर वैतागली नाही. मग माझ्यासमोर मोडा ओढून बसली आणि म्हणाली की बंद कुणी केली ते यात नाही ना. तिने स्वतः केली आणि आपण फक्त तिचं ऐकलं, हे तिला कळायला हवं. पोरीचा आवाज बसला होता बोलून बोलून. आलं घालून चहा दिला.

ती गेल्यावर हे असं कोण समजावणार, असा विचार आला. ठकीला बोलले नाही. नुसतं म्हटलं, बाई गं, मला हे कधी जमायचं नाही.

१४ नोव्हेंबर

गुडघा दुखतोय. आजच ठकी त्या कंपनीतल्या बाईंशी फोनवर बोलत होती आणि आजच दुखायला लागला, त्यात माझा काय दोष. तिने शेक दिला. जिना उतरू नकोस म्हणाली, लोकर ती आणेल.

कंपनीतल्या बाई काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही. तिच्या कामात मी तोंड घालत नाही.

१६ नोव्हेंबर

आज जे झालं ते सविस्तर लिहायला हवं.

ठकी लोकर आणायला गेली होती आणि शाळेचा फोन वाजला. मी सहसा घेत नाही, आज घेतला. जांभळ्या शालवाल्या होत्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. पहिल्या धड्यापासून आहेत, जांभळी शाल विणून तिचा फोटो त्यांनी सगळ्यांना पाठवला होता, म्हणून आम्ही घरात तसंच म्हणतो. वय बरंच असावं, आवाज बारीक.

माझा आवाज त्यांनी ओळखला. मग म्हणाल्या की पावसाळ्यापासून बोटं मिटत नाहीत, सुई धरवत नाही. गेले काही महिने विणलंच नाही. मी विचारलं, मग वर्गणी बंद का नाही केली? केली होती म्हणाल्या. एकदा नाही, बऱ्याचदा. पण मेसेज यायचा.

"तुम्ही लिहिलं होतं ना, मावशी वाट बघेल म्हणून. कुणाला वाट बघत ठेवून जायला मला नाही हो जमत. मग मी परत घेत होते."

आणि आता 'रद्द' असा मेसेज आला, तेव्हा त्यांना वाटलं की मी शेवटी रागावले. ते विचारायला हा फोन.

मी काय बोलले ते नीट आठवत नाही. रागावले नाही असं म्हटलं, बोटांना तेल लावून शेका असं म्हटलं. त्या फोन ठेवताना मलाच म्हणाल्या, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं. न विणलेल्या महिन्यांची वर्गणी त्यांना परत पाठवायला सांगितली ठकीला. तिने का विचारलं नाही, लगेच पाठवली.

मी प्रेमाने लिहिलं होतं. देवाशप्पथ प्रेमानेच. आणि एक म्हातारी बाई दुखऱ्या बोटांनी बटणं दाबत बसली होती, केवळ मला वाईट वाटू नये म्हणून. जेवण गेलं नाही.

१८ नोव्हेंबर

आज वही घेऊन ठकीजवळ बसले आणि म्हटलं, शिकव.

तिला एवढं बरं वाटलं की मलाच लाज वाटली. ती म्हणाली, मेसेज लिहिताना तुझ्या मनात काय आहे ते बाजूला ठेव. बटण दाबलेली बाई काय विचारतेय ते बघ. झालं का? पैसे जाणार का आणखी? माझे धडे, माझे फोटो, त्यांचं काय? मला अजून काही करायचंय का? एवढंच तिच्या डोक्यात असतं. तेवढ्याची उत्तरं दे.

मला विणकामातलं कळतं. सुईवरून विणलेलं काढायचं तर आधी टाके बंद करावे लागतात. नुसतं काढलं तर उसवत जातं, आणि सुईवरच ठेवलं तर ते कुणाला अंगावर घालता येत नाही. मी आजवर बायकांना सुईवरच ठेवत आले होते. असं ठकीला म्हटलं तर ती म्हणाली, हे धड्यात सांग.

खाडाखोड पुष्कळ झाली. "खेद" हा शब्द मी घातला, तिने काढला. "आमच्या अभिलेखात" असं मी कुठूनतरी आणलं होतं, त्यावर तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. शेवटी हे उरलं:

"तुम्ही सांगितल्याप्रमाणे तुमची वर्गणी आज बंद केली आहे. यापुढे पैसे कापले जाणार नाहीत. या महिन्याचे धडे महिना संपेपर्यंत बघता येतील आणि तुमचे फोटो कायम तुमचेच राहतील. आता तुम्हाला काहीही करायचं नाही. पुन्हा विणावंसं वाटलं तर याच बटणाने परत येता येईल. मावशी."

मला खाली एक ओळ हवी होती, तुमची आठवण येईल अशी. ठकी म्हणाली की घाल, खरी असेल तर घाल, पण सगळ्यात शेवटी आणि प्रश्न न विचारता. मी विचार केला आणि नाही घातली. आठवण मला येणार, ती त्यांच्या गळ्यात कशाला.

बटणाचंही ठकीने ठीक केलं. दुसऱ्यांदा दाबलं तर वर्गणी बंदच आहे असं सांगतं आणि परत घ्यायची का ते वेगळं विचारतं.

२२ नोव्हेंबर

फोन नाही. काल नाही, आजही नाही. तिघीचौघींनी या दिवसांत वर्गणी बंद केली आणि कुणी काही विचारलं नाही. एकीने उलट मेसेज केला, "कळलं. धन्यवाद." हे दोन शब्द मी घड्याळवाल्यांनाही दाखवून आले. त्यांनी ते भिंग लावून वाचले.

आता हे तुझं तुला जमतं. ठकी असं म्हणाली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण मग उठून लोकरीचे गुंडे रंगांप्रमाणे लावत बसली. पोरीचं काहीतरी बिनसलंय. थकली असेल.

२५ नोव्हेंबर

ठकी जात नाही. सकाळी चहा पिताना सांगितलं, नाही म्हणून कळवणार आहे उद्या.

मी इतकी खूश झाले की कप विसळायचा सोडून तिचा गाल ओढला. टेबल परवा येतंय, ते खिडकीखाली लावू असं म्हटलं. हो म्हणाली. गुडघाही आज बरा आहे.

दुपारी धडा घेताना टाके चुकले. दोनदा उसवावं लागलं. बायकांना वाटलं असेल की मावशी मुद्दाम उसवून दाखवतेय.

२६ नोव्हेंबर

सकाळी ठकी फोन घेऊन बसली, नकार लिहायला. मी समोर शेंगा सोलत होते. लिहून झाल्यावर तिने मला वाचून दाखवला. छान लिहिला होता, काही शंका राहायला नको असा. मीच विचारलं, मनापासून लिहितेयस ना? तिने मान हलवली, पण ती हो होती की नाही, कळेना. म्हणून मी पुन्हा विचारलं, आणि मग ती म्हणाली:

"मावशी, तू एकटी इथे वाट बघत बसणार. तुला तशी ठेवून जायला मला नाही जमायचं."

हे मी ऐकलं होतं. याच शब्दांत, बारीक आवाजात, दहा दिवसांपूर्वी. शेंगांची ताटली मांडीवरून खाली ठेवली.

म्हणजे मी तिला काय सांगत आले होते? तुझं तू ठरव. मी आहे आपली. आणि वर टेबल, आणि वर गुडघा. त्यात जा असं कुठे होतं ते कुणी चष्मा लावूनही शोधलं नसतं. पोरीने माझ्याकडून मेसेज लिहून घेतला, फोन येणं बंद करून दाखवलं, मी एकटीने चालवू शकते हे मलाच पटवून दिलं. ती महिनाभर दाराशी उभी होती आणि मी तिला बस गं जरा, बस गं जरा म्हणत होते.

मी म्हटलं, तो फोन खाली ठेव आणि नीट ऐक.

"तू त्या कामाला हो म्हण. मी तुला जा म्हणतेय, स्पष्ट म्हणतेय. जानेवारीपासून शाळा मी बघणार, फोन मी घेणार. गुडघा वयाने दुखतो, तू राहिलीस तरी दुखेल. तुझी खोली मी अडवून ठेवणार नाही, तिथे लोकर ठेवणार. तू आलीस की लोकर बाजूला करू. मला वाईट वाटेल, ते माझं मी बघेन. तुला त्यासाठी काहीही करायचं नाही."

ती ऐकत राहिली. मग उठून आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडली, लहानपणी सुट्टीला आल्यावर आईच्या आठवणीने रडायची तशी, आवाज न करता. मी तिच्या केसांतून हात फिरवत होते. मीही रडले, कशाला खोटं लिहू. मग तिने नकार पुसला आणि होकार लिहिला. तो मला वाचून दाखवला नाही, मीही मागितला नाही.

२८ नोव्हेंबर

कंपनीचं उत्तर आलं. "आपला प्रतिसाद प्राप्त झाला असून यथावकाश उचित कार्यवाही करण्यात येईल." आम्ही दोघी ते पुन्हा पुन्हा वाचत बसलो. मी म्हटलं, म्हणजे घेतलं की नाही घेतलं? ठकीलाही सांगता येईना. घड्याळवाल्यांना बोलावलं, ते म्हणाले बहुतेक घेतलं. शेवटी तिने फोन करून विचारलं. घेतलं होतं.

तिला सांगितलं की तिथे गेल्यावर पहिलं काम म्हणून हा मेसेज बदलून घे. नाहीतर मला पाठव, मी लिहून देते.

टेबल आलं. सुताराने सुरेख केलंय. सध्या त्यावर हिरवी लोकर आणि तिची उघडी बॅग आहे.

५ जानेवारी

परवा ठकी गेली. तिला गाडीत बसवून आले आणि कालचा धडा वेळेवर घेतला. पाच फोन आले, सगळे मी घेतले. एकही वर्गणी बंद झाली का म्हणून नव्हता. एकीला नवी लोकर हवी होती, बाकीच्यांना ठकी कुठे गेली ते हवं होतं.

आज संध्याकाळी तिचा फोन आला. तिची खोली लहान आहे पण ऊन येतं. कामावरच्या बाई कडक आहेत पण शिकवतात. हे सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, तू कशी आहेस? मजेत आहे असं अगदी ओठांवर आलं होतं. मग म्हटलं, हिच्याशी तरी असं कशाला बोलायचं.

"मला करमत नाही," मी सांगितलं. "घर खायला उठतं. आणि तू परत यायचं नाहीस. दोन्ही खरं आहे, दोन्ही ऐक."



"कळलं मावशी," ती म्हणाली.